मीठ संपलंच नाही

मंडळी, गेल्या नोंदीत मी जरा मिरवलं होतं. सॉफ्टनरचं (जड पाणी मऊ करणाऱ्या मशीनचं) पाणी बोअरच्या मोटरवरून काढून गच्चीवरच्या टाकीवर घेतलं, आता रिजनरेशनसाठी (मशीनमधलं रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजं करण्यासाठी) रात्री दोनला उठून मोटर लावायची कटकट संपली, असं लिहिलं होतं. ते मिरवणं परत घेतो.

आमचं देवपूरचं बोअर काळ्या दगडातलं. पाणी बारा महिने, पण जड. माझ्या मोजणीत कच्च्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, ६२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) २०० ही इष्ट मर्यादा, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे आम्ही त्या शेवटच्या पायरीच्याही बाहेर. कुलरची गवताची जाळी एका उन्हाळ्यात पांढरी होऊन खडखड वाजते, ती याच पाण्याने.

९ एप्रिल. सौ. म्हणाली, साबणाला फेस येत नाही. मी म्हटलं, साबण बदलला असशील. (चूक क्रमांक एक.) संध्याकाळी ब्युरेट (थेंब मोजून सोडायची खुणांची काचेची नळी) काढला. नवीन मंडळींसाठी सांगतो: ५० मिली पाणी, थोडं अमोनियाचं बफर, चिमटीभर इरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून खूण देणारा इंडिकेटर), आणि वरून ०.०१ मोलर ईडीटीए (हार्डनेस धरून ठेवणारं रसायन) थेंब थेंब. इंडिकेटर पाण्यात कालवून ठेवला की लवकर मरतो, म्हणून मी तो कोरड्या मिठात खलून डबीत ठेवतो. पाणी आधी द्राक्षाच्या रसासारखं लाल दिसतं. शेवटी शेवटी जांभळं होतं, आणि मग एका थेंबासरशी ती लाल झाक निघून जाते, स्वच्छ निळं उरतं. तो थेंब चुकवायचा नाही, हाच या छंदातला अर्धा आनंद. बफरच्या वासाबद्दल घरात काय बोललं जातं ते लिहीत नाही.

५० मिलीला जितके मिली ईडीटीए लागेल, त्याला २० ने गुणायचं. सॉफ्टनर ठणठणीत असताना मला ०.४ लागायचे, म्हणजे ८ पीपीएम. त्या दिवशी ११.५ लागले, २३० पीपीएम. १४ तारखेला १९, म्हणजे ३८०.

शेजारचे काका टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) घेऊन आले. पाण्यात बुडवून म्हणाले, "आकडा आत जाताना आणि बाहेर येताना सारखाच, मशीन कामातून गेलं." काका, तो आकडा कमी होतच नसतो. सॉफ्टनरमधलं रेझिन (बारीक मणी) एक कॅल्शियम धरतं आणि बदल्यात दोन सोडियम सोडतं. वजनात बघितलं तर ४० गेले, ४६ आले. टीडीएस उलट किंचित वाढतो. सॉफ्टनर तपासायला टीडीएस मीटर म्हणजे ताप बघायला वजनकाटा.

दुकानदाराला फोन केला. न बघताच निदान: "रेझिन संपलं, पंचवीस लिटर नवीन टाका." मीही जवळपास ऑर्डर देऊनच टाकली होती. पण चार वर्षांचं रेझिन, बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, गंजाचा पिवळेपणा नाही, मग ते मरेल कशाने? म्हणून रविवारी व्हॉल्व्ह उघडून वाटीभर रेझिन काढलं. जाड खसखशीएवढे मधाच्या रंगाचे मणी. बोटात दाबले तर फुटत नव्हते, भिजलेल्या डाळीसारखे लिबलिबीत नव्हते, भिंगाखालीही बहुतेक गोल आणि अखंड दिसले.

तरी खात्री हवी होती. पाण्याच्या बाटलीचं बूड कापलं, झाकणाला भोकं पाडली, आत कापूस घातला, त्यावर ५० मिली रेझिन. लिटरभर पाण्यात साधारण शंभर ग्रॅम मीठ कालवून ते हळूहळू पंधरा-वीस मिनिटं सोडलं, मग साध्या पाण्याने खारट चव जाईपर्यंत धुतलं. आता बोअरचं पाणी ओतायला घेतलं. हिशोब असा: चांगलं भरलेलं रेझिन लिटरमागे ५५ ग्रॅमच्या आसपास हार्डनेस धरतं, ५० मिली म्हणजे पावणेतीन ग्रॅम, ६२० च्या पाण्यात साधारण ४.४ लिटर. माझ्या बाटलीतून आलेलं पाणी चार लिटरपर्यंत इंडिकेटर टाकताच निळं दिसलं, म्हणजे हार्डनेस जवळपास नाहीच. म्हणजे रेझिन जिवंत. ऑर्डर रद्द.

मग बिघाड कुठे? दोन दिवस वहीकडे बघत बसलो. आणि सौ. सहज बोलून गेली, "या महिन्यात मीठ आणलंच नाही तुम्ही."

मंडळी, मी फक्त हार्डनेस लिहीत होतो, मीठ लिहीतच नव्हतो. माझ्या हिशोबाने पंचवीस लिटर रेझिनला दर रिजनरेशनला सव्वातीन किलो मीठ लागतं. रोज सातशे लिटर वापर, म्हणजे दर तीन दिवसांनी एकदा. २५ किलोचं पोतं तीन आठवड्यांत संपायला हवं. मिठाच्या टाकीचं झाकण काढलं तर मीठ जवळपास तसंच, आणि पाणी फ्लोटपर्यंत चढलेलं. मशीन दर वेळी टाकीत पाणी भरत होतं, पण ओढून घेत नव्हतं. वर पापुद्रा धरला असेल म्हणून काठीने ढोसलं. तसं काही नव्हतं.

२१ एप्रिल. व्हॉल्व्ह हाताने मीठ ओढायच्या टप्प्यावर आणून मिठाच्या टाकीतली नळी काढली आणि पाण्याच्या मगात बुडवली. पाच मिनिटांत मगातलं पाणी बोटभरही उतरलं नाही. इंजेक्टर (मिठाचं पाणी ओढून घेणारा बारीक भोकाचा भाग) उघडला तर जाळीत चिकट राखाडी गाळ, स्वस्त खडेमिठातला. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तासभर टाकला, जुन्या ब्रशने घासला, भोक उजेडात धरून बघितलं. परत बसवला. थोडं ओढलं, पण थोडंच.

शेवटी आमच्या गल्लीतला प्लंबर आला. तो उभ्या उभ्या पाइपकडे बघत म्हणाला, "भो, पानीले जोरच नई शे." गेज लावला तर अर्धा किलोसुद्धा (चौरस सेंटीमीटरला) प्रेशर नाही. साहजिक आहे: टाकी सॉफ्टनरच्या वर चौदा फूट, आणि एक किलोला जवळजवळ तेहतीस फूट उंची लागते. इंजेक्टर पाण्याच्या वेगावरच मीठ ओढतो. माझ्या व्हॉल्व्हच्या पुस्तिकेत किमान दीड किलो लिहिलंय. मोटरवर दोन-अडीच मिळत होतं. टाकीवर घेण्याचा शहाणपणा माझाच. पहिले काही दिवस आधीचं भरलेलं रेझिन पुरलं, म्हणून संशय आला नाही.

टाकी आणि सॉफ्टनरच्या मध्ये छोटा प्रेशर पंप बसवला. गेज दोन किलोवर. मगातलं पाणी डोळ्यांदेखत खाली गेलं, शेवटी नळीने फुर्रर्र केलं. लागोपाठ दोन रिजनरेशन दिली, कारण रेझिन पार रिकामं झालं होतं. दुसऱ्या दिवशी ०.५ मिली. दहा पीपीएम.

एक गोष्ट याच भानगडीत कळली. वीज गेली की माझ्या टायमरचं घड्याळ थांबतं. उन्हाळ्यात ती किती वेळा जाते ते सांगायला नको. रात्री दोनचं रिजनरेशन सरकत सरकत सकाळी सातवर आलं होतं, आणि त्या वेळात व्हॉल्व्ह कच्चं पाणीच पुढे सोडतो. नेमक्या आंघोळीच्या वेळी. टायमर इन्व्हर्टरवर घेतला. पंप मात्र घेतला नाही, तेवढा भार इन्व्हर्टर झेलणार नाही. रात्री वीज नसेल तर दुसऱ्या दिवशी हाताने फिरवतो.

आणि धुवणीचं खारं पाणी मी मागे कढीपत्त्याच्या आळ्यात सोडत होतो. कढीपत्ता गेला. आता वेगळा पाइप गटाराला.

वहीत नवीन रकाना आखलाय: पोतं उघडल्याची तारीख, टाकीत मीठ किती बोटं उतरलं. २५ एप्रिलला उघडलेलं पोतं आज, १५ मेला, तळाला आलंय. पिशवी घेऊन निघतोय. या वेळी गाळ नसलेलं मीठ बघतो, चार रुपये जास्त गेले तरी.