दोन विषयांचा एक प्रबंध: माझा पीएच.डी.चा अनुभव

पीएच.डी.च्या नोंदणीसाठी मी सादर केलेला पहिला आराखडा समितीने एका ओळीच्या शेऱ्यासह परत पाठवला. हे दोन विषय आहेत, त्यांपैकी एक निवडावा, एवढाच तो शेरा होता. मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली असतात आणि घरी मालवणी बोलतात. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही इंग्रजी कादंबरी शिकवताना या मुलांना तिच्याविषयी विचार करायला मराठी-मालवणीची मुभा दिली, तर त्यांच्या इंग्रजी वाचनात आणि लेखनात काही फरक पडतो का, हे मला तपासायचे होते. समितीतल्या साहित्याच्या जाणकारांना त्यातल्या चाचण्या आणि तक्ते शिक्षणशास्त्राचे वाटले, तर भाषाअध्यापनाच्या जाणकारांना वसाहतोत्तर समीक्षेचे प्रकरण अनावश्यक वाटले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते.

प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि कोर्सवर्क यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पेट, म्हणजे ती प्रवेश परीक्षा, मी दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले आणि कोर्सवर्कचे तास उन्हाळ्याच्या सुट्टीत, रात्रीच्या गाडीने जाऊन-येऊन पूर्ण केले. खरी अडचण आराखड्याची होती. तो मी तीन वेळा लिहिला. दुसऱ्या वेळी समितीचे ऐकून मी चाचण्यांचा भाग काढून टाकला. तेव्हा माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “मॅडम, आता हा आराखडा मंजूर होईल, पण असे प्रबंध शोधगंगेवर शेकड्यांनी आहेत.” मी शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, शोधून पाहिले आणि मला ते पटले. अचेबे यांच्या कादंबऱ्यांतला संस्कृतिसंघर्ष हा विषय आपल्या देशात इतक्या जणांनी हाताळलेला आहे, की शीर्षकातले दोन शब्द मागेपुढे केले तरी नवा प्रबंध झाल्यासारखा वाटावा.

वाट सापडली ती कंपाला शहरातल्या मकेरेरे महाविद्यालयामुळे. युगांडातल्या या महाविद्यालयात जानेवारी १९६१मध्ये राष्ट्रकुल देशांची एक परिषद भरली होती. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून कशी शिकवावी, हा तिचा विषय होता. पुढे १९९२मध्ये रॉबर्ट फिलिप्सन या भाषातज्ज्ञाने ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम’ या ग्रंथात या परिषदेतून पक्की झालेली पाच गृहीतके वेगळी काढून दाखवली: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, आदर्श शिक्षक तो ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे, जितक्या लवकर सुरुवात तितके चांगले, जितके अधिक इंग्रजी तितके चांगले, आणि इतर भाषा फार वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. फिलिप्सन यांनी या पाचही गृहीतकांना भ्रम ठरवले आहे. मी ते प्रकरण वाचले तेव्हा मला आफ्रिकेपेक्षा आपलीच आठवण अधिक झाली. मी पाचवीत इंग्रजी शिकू लागले, आणि महाराष्ट्रात २०००पासून ती पहिलीपासून सुरू झाली. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात तेव्हा जो वाद झाला, त्याचा बराचसा भाग या पाच वाक्यांत आधीच लिहिलेला होता.

याच मकेरेरेत दीड वर्षाच्या आत, जून १९६२मध्ये, इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. अचेबे, वोले सोयिंका, ख्रिस्तोफर ओकिग्बो असे लेखक तिला आले होते, आणि तेव्हा जेम्स न्गुगी या नावाने लिहिणारा, मकेरेरेतच शिकणारा एक तरुणही होता. हेच पुढचे केनियाचे प्रसिद्ध लेखक न्गुगी वा थिओंगो. त्यांनी नंतर या परिषदेविषयी लिहिताना एक टोचणारी गोष्ट नोंदवली आहे. विद्यार्थी असलेल्या त्यांना केवळ इंग्रजीत काही कथा प्रसिद्ध झाल्यामुळे तिथे स्थान मिळाले, पण स्वाहिलीचे थोर कवी शाबान रॉबर्ट किंवा योरुबात लिहिणारे फागुन्वा यांना ते मिळू शकत नव्हते, कारण परिषदेच्या नावातच इंग्रजी होती.

एकाच आवारात एका परिषदेने इंग्रजी कशी शिकवायची हे ठरवले आणि दुसरीने त्या इंग्रजीत आफ्रिकेने काय लिहायचे याची चर्चा केली. आपल्या विद्यापीठांत मात्र पहिलीचा अभ्यास भाषाअध्यापनाच्या कपाटात राहतो आणि दुसरीचा साहित्याच्या. त्यात आणखी एक दुवा मला उशिरा दिसला. हाइनमन या प्रकाशनसंस्थेची आफ्रिकी लेखकांची प्रसिद्ध माला १९६२मध्ये सुरू झाली. तिचे पहिले पुस्तक ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ होते आणि मालेचे पहिले संपादकीय सल्लागार स्वतः अचेबे होते. ही माला काढणारी शाखा शैक्षणिक पुस्तकांची होती. म्हणजे १९५८मध्ये लंडनमध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आफ्रिकेतल्या असंख्य वाचकांच्या हाती आली ती स्वस्त कागदी बांधणीत, शाळेच्या दप्तरातून. ज्याला आम्ही ‘साहित्य’ म्हणून वेगळे काढत होतो, ते तिथे इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांच्या वाटेनेच वाढले होते. तिसऱ्या आराखड्याची सुरुवात मी मकेरेरेपासून केली आणि समितीने फारशी चर्चा न करता तो मंजूर केला. डिसेंबर २०१६मध्ये नोंदणी झाली.

संदर्भसाहित्याचा आढावा घेताना मी एक चूक केली आणि तिच्यात वर्षभर गेले. जे मिळेल ते वाचायचे आणि सगळ्याची टिपणे काढायची, असा माझा क्रम होता. सरांनी एकदा माझ्या चार वह्या चाळल्या आणि विचारले, “यातले तुमच्या प्रश्नाला धरून किती?” मग मी वाचन एका वादापुरते मर्यादित केले. अचेबे यांची भूमिका अशी, की इंग्रजी आपला आफ्रिकी अनुभव पेलू शकेल, मात्र ती नव्या वातावरणाला जुळवून घेतलेली, बदललेली इंग्रजी असावी लागेल. न्गुगी यांनी १९७७मध्ये केनियातल्या कामिरिथू गावात गिकुयु या आपल्या मातृभाषेतले नाटक लोकांकडून करवून घेतले, त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले, आणि कामिती तुरुंगात त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयुत कादंबरी लिहिली. १९८६च्या ‘डिकॉलनायझिंग द माइंड’मध्ये त्यांनी इंग्रजीतल्या सर्वच लेखनाचा निरोप घेतला. त्याच पुस्तकात त्यांच्या शाळेतली शिक्षा येते. गिकुयु बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या मिळत, किंवा ‘मी गाढव आहे’ अशा अर्थाची पाटी गळ्यात घालावी लागे. हे वाचले त्या आठवड्यात माझ्या भाचीने तिच्या शाळेत मराठी बोलल्याबद्दल पाच रुपये दंड भरला होता, आणि घरात कोणालाही त्यात वावगे वाटले नव्हते. मलाही आदल्या वर्षी वाटले नसते.

वर्गातले काम मी २०१८-१९च्या शैक्षणिक वर्षात केले. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटात सगळी चर्चा इंग्रजीतून, तर दुसऱ्यात आधी मराठी किंवा मालवणीतून बोलायचे आणि मग इंग्रजीतून लिहायचे. कादंबरी एक, तासिका सारख्या, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीही एकच. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात दोन्ही गटांची मुले एकाच एसटीने येत, कॅन्टीनमध्ये एकत्र बसत आणि एकमेकांच्या वह्या उतरवून घेत. दोन्ही गटांना मीच शिकवत होते, आणि कोणता गट सरस ठरावा असे मला वाटते हे लपवणे मला जमले असेल असे मी म्हणणार नाही. या दोन्ही मर्यादा मी प्रबंधात स्वतंत्र पोटप्रकरण करून लिहिल्या. परीक्षकांना त्या सापडण्याआधी आपणच सांगाव्यात, हा सरांचा सल्ला फार उपयोगी पडला.

दुसऱ्या गटातले पहिले काही तास माझ्या कायम लक्षात राहतील. कादंबरीत ‘याम’ या कंदाला मोठे महत्त्व आहे. तो पुरुषाचे पीक, त्याच्या कर्तबगारीचे माप. शब्दकोशात काहींना सुरण सापडले, काहींना रताळे. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, त्यांनी वेलाला काठ्यांचा आधार दिलाय. सुरणाक वेल खंय असता? ह्यां कोनफळ.” त्याचे म्हणणे बरोबर होते. कोनफळ, करांदे आणि आफ्रिकेतला याम ही एकाच कुळातली पिके आहेत. माझ्या पदव्युत्तर वर्गात हा शब्द आम्ही ‘एक प्रकारचा कंद’ म्हणून ओलांडला होता. ताडाच्या झाडापासून काढलेल्या पेयाला तर तळटीप लागलीच नाही, कारण माडी काढणारी माणसे त्यांच्या गावात होती. खरा वाद रंगला ‘ची’ या शब्दावर. कादंबरीतल्या इग्बो समाजाच्या समजुतीप्रमाणे ही प्रत्येक माणसाची स्वतःची देवता असते. नशीब, ग्रह, सटवाईचे लिहिणे असे पर्याय आले. शेवटी एका मुलीने सुचवले, “राखणदार म्हणूया, पण गावाचो न्हय, एकेका माणसाचो.” कादंबरीचा नायक ओकोन्क्वो याचे नशीबच फुटके होते की त्याने स्वतःच्या राखणदाराला न जुमानता पाऊल टाकले, यावर त्या दिवशी तास संपल्यानंतरही बोलणे चालू राहिले, आणि पुढच्या आठवड्यातल्या इंग्रजी उत्तरांत प्रथमच ‘कारण’ जोडणारी वाक्ये दिसू लागली.

निष्कर्ष मात्र मला हवे तसे आले नाहीत. संख्याशास्त्राच्या एका सहकाऱ्याने दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी टी-चाचणी करून दिली. व्याकरण आणि अनोळखी उताऱ्यांच्या प्रश्नांत दोन्ही गटांत सांगण्याजोगा फरक नव्हता. फरक होता तो दीर्घोत्तरी लेखनात: दुसऱ्या गटाची उत्तरे लांब होती, त्यांत संहितेतले दाखले होते आणि गाइडमधली वाक्ये कमी होती. वाचनात फरक पडेल हे माझे पहिले गृहीतक टिकले नाही, लेखनात पडेल हे दुसरे टिकले. काही दिवस मी आकडे वेगळ्या रीतीने मांडता येतील का, ते पाहत होते. सरांनी ते ओळखले आणि आहे तसे लिहायला सांगितले. मातृभाषेच्या वापराने इंग्रजी घसरते, या मकेरेरेच्या पाचव्या गृहीतकाला माझ्या वर्गात आधार मिळाला नाही, एवढे तर त्या आकड्यांतून निघतच होते, आणि माझ्या प्रबंधाला तेवढे पुरेसे होते.

शोधनिबंधाची कहाणी वेगळीच आहे. तेव्हाच्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आणि दोन परिषदांत सादरीकरण करणे आवश्यक होते. रोज भ्रमणध्वनीवर चार-पाच संदेश येत: शुल्क भरा, आठवड्यात प्रसिद्ध करू. घाईत मीही त्यांपैकी एका नियतकालिकाला शुल्क भरून निबंध दिला. ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत होते. मे २०१८मध्ये आयोगाने त्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, त्यांत तेही गेले. दुसरा निबंध मी रीतसर परीक्षणातून पाठवला. तो दोनदा दुरुस्तीसाठी परत आला आणि चौदा महिन्यांनी छापून आला. त्या परीक्षकांचे शेरे माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा कणा ठरले, त्यामुळे पैसे गेल्याचे दुःख मी फार करत नाही. नोव्हेंबर २०२२च्या नव्या नियमावलीत शोधनिबंधाची ही सक्ती राहिली नाही. माझी मौखिक परीक्षा त्याआधी तीन महिन्यांपूर्वी झाली होती.

करोनाच्या काळात ग्रंथालये बंद होती आणि महाविद्यालयाचे वर्ग ऑनलाइन गेले होते. मिळालेली मुदतवाढ मी पूर्ण वापरली. फेब्रुवारी २०२२मध्ये प्रबंध सादर झाला. मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, हे पाहणाऱ्या साधर्म्य तपासणीत आधी अडचण आली ती उद्धृतांची. अवतरणे आणि संदर्भसूची वगळून अहवाल काढल्यावर तो दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसला.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मकेरेरेविषयी फारसे विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “तुम्ही न्गुगींचा इतका आधार घेता, मग प्रबंध इंग्रजीत का?” मी सांगितले, की नियम तसा आहे, आणि नियम नसता तरी या विषयाची परिभाषा मराठीत घडवण्याइतका वेळ मी दिला असता की नाही, याची मला खात्री नाही. ते हसले आणि पुढे गेले. त्यांची एकच दुरुस्ती होती. परिशिष्टात मी विद्यार्थ्यांच्या मराठी-मालवणी चर्चेची लेखी रूपे जोडली होती, त्यांचे इंग्रजी भाषांतर द्यावे. पंधरा दिवस मी तेच काम करत होते. कोनफळ झाले, माडी झाली. ‘राखणदार’पाशी मी तीन इंग्रजी शब्द लिहून खोडले, आणि अचेबे यांनी ‘ची’ तसाच ठेवला आहे हे तळटीपेत नोंदवून तो शब्दही आहे तसा ठेवला.