एक अर्ज, चार पानं आणि बीनचं आयुष्य

२०१५ साली पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत असताना कर्जाच्या ऑनलाइन अर्जाचं काम माझ्याकडे आलं. ग्राहक एक ग्रामीण पतसंस्था. अर्ज चार पानांचा होता: सभासदाची माहिती, सातबाऱ्यावरची जमीन, जामीनदार आणि शेवटी पडताळणी. जावामध्ये वेबपानं बनवायची चौकट जेएसएफ २.२ आणि तिच्यामागचे ऑब्जेक्ट तयार करून सांभाळणारी सीडीआय वापरायचं आधीच ठरलं होतं. पानावर भरलेलं बीन नावाच्या ऑब्जेक्टमध्ये राहतं, आणि तो किती काळ जगणार हे त्याचा स्कोप ठरवतो. पानं दोन आठवड्यांत झाली. पहिल्या पानावर भरलेलं चौथ्या पानापर्यंत शाबूत पोचवायला मात्र त्याहून जास्त वेळ गेला.

रिक्वेस्ट स्कोप चालणार नाही हे उघड होतं, कारण त्यात प्रत्येक विनंतीला बीन नव्याने जन्मतो. व्ह्यू स्कोपने आशा लावली. जमिनीच्या पानावर एकामागून एक गट नंबर एजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता, वाढवत गेलो, तरी सगळं जागेवर राहत होतं. पण 'पुढे' दाबून जामीनदारांच्या पानावर गेलो की यादी रिकामी. व्ह्यू स्कोपचा जीव त्या एका पानापुरताच असतो. फ्लॅश या तात्पुरत्या साठ्यात ठेवलेलं एक रीडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्या पानावरची एक रवानगी, ओलांडतं, पण चार पानं मागे-पुढे करायची तर तेही अपुरं.

मग सेशन स्कोप लावला, ज्यात बीन लॉगिनचं सेशन चालू असेपर्यंत टिकतो, आणि तरीही मजकूर गायब! यात दोन दिवस गेले. शेवटी बीन तयार होताच चालणाऱ्या पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये एक ओळ लॉग केली, तेव्हा दिसलं की एकच पान उघडताना बीन अनेकदा तयार होतोय. सेशनस्कोप्ड नावाची अ‍ॅनोटेशन्स, म्हणजे कोडवर लावायच्या खुणा, दोन होती, एक 'जावाएक्स.फेसेस.बीन' या पॅकेजमधलं आणि एक 'जावाएक्स.एंटरप्राइझ.कॉन्टेक्स्ट'मधलं. एडिटरने सुचवलेलं पहिलं मी घेतलं होतं. बीनवर नेम्ड हे सीडीआयचं अ‍ॅनोटेशन असल्यामुळे तो सीडीआयच्या ताब्यात, आणि सीडीआय त्या जुन्या अ‍ॅनोटेशनला ओळखत नाही. स्कोप न सांगितल्यासारखाच तो डिपेंडंट, म्हणजे स्वतःचा मुक्काम नसलेला, ठरला आणि पानावरच्या प्रत्येक उल्लेखाला नवा निघाला. कुठे एरर नाही, साधी सूचनाही नाही. जुनं पॅकेज २०१७ च्या जेएसएफ २.३ मध्ये डेप्रिकेट झालं, म्हणजे वापरू नका असं जाहीर झालं, आणि २०२२ च्या फेसेस ४.० मधून काढूनच टाकलं. हे फार आधी व्हायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

इम्पोर्ट बदलला, सगळं चालू लागलं आणि आम्ही ते संस्थेत बसवलं. काही दिवसांनी तिथल्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला: एका शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्याचे जामीनदार लागलेत. मंजुरीआधी लक्षात आलं म्हणून निभावलं. मी तिथे जाऊन क्लार्क मॅडमच्या शेजारी बसलो. एकाचा अर्ज अर्धा झालेला असताना दुसरे काका काउंटरवर येत, मॅडम नवीन टॅब उघडून त्यांचा अर्ज सुरू करत आणि मग पहिल्या टॅबवर परतत. पडद्यावर पहिल्याचंच नाव, कारण ते पान आधीच काढलेलं होतं. पण दोन्ही टॅबचं सेशन एकच, म्हणून सर्व्हरवरच्या बीनमध्ये दुसऱ्याची माहिती. मॅडमचं काहीही चुकलं नव्हतं. बीन लॉगिन केलेल्या माणसाला बांधला होता मी. तो बांधायला हवा होता अर्जाला.

त्यासाठीच सीडीआयमध्ये कन्व्हर्सेशन स्कोप आहे. पहिलं पान उघडताना बिगिन आणि अर्ज जतन झाल्यावर एंड. मधल्या काळात प्रत्येक कन्व्हर्सेशनला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो ब्राउझरमधल्या पत्त्यात सीआयडी या नावाने दिसतो. जेएसएफचा फॉर्म तो आपोआप पुढे नेतो. हाताने लिहिलेल्या साध्या लिंकमध्ये आपण घालावा लागतो. बिगिनच्या आधी कन्व्हर्सेशन ट्रान्झियंट, म्हणजे अजून सुरू न केलेलं, आहे का ते तपासायचं, कारण सुरू असलेल्यावर पुन्हा बिगिन केलं तर एक्सेप्शन येतं. बीन सिरियलायझेबलही, म्हणजे साठवून पुन्हा उभा करता येण्याजोगा, हवा. 'नवा अर्ज' या मेनूच्या लिंकमध्ये मी सीआयडी मुद्दाम ठेवला नाही, म्हणजे तिथून उघडलेला प्रत्येक टॅब कोरा. अर्ध्या अर्जाचा टॅब डुप्लिकेट केला तर मात्र क्रमांकही तोच जातो. हे मॅडमना दाखवून समजावलं.

आणखी दोन अडचणी वापरातच कळल्या. आम्ही वापरलेली सीडीआयची अंमलबजावणी वेल्ड, तिच्यात कन्व्हर्सेशन वापराविना 10 मिनिटांत संपतं, आणि शेतकरी घरून सातबारा आणेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. मुदत सेशनएवढी, 30 मिनिटं केली. दुसरी अडचण 'पुढे' दोनदा दाबण्याची: एकाच कन्व्हर्सेशनवर दोन विनंत्या एकदम आल्या की थोडं थांबून दुसरीला बिझी कन्व्हर्सेशनचं एक्सेप्शन मिळतं. पहिल्या क्लिकनंतर बटण बंद केलं.

नवी आवृत्ती घेऊन गेलो त्या दिवशी मॅडमनी तीन टॅबमध्ये तीन अर्ज उघडले, मुद्दाम उलटसुलट क्रमाने भरले आणि छापून घेतले. तिन्ही कागदांवरचे जामीनदार आम्ही दोघांनी एकेक नाव वाचून ताडले. मग जतन झालेल्या अर्जाचा एक जुना टॅब उघडून त्यांनी 'पुढे' दाबलं. ते कन्व्हर्सेशन आता उरलं नव्हतं, त्यामुळे अर्जांची यादी उघडली आणि वर ओळ आली: हा अर्ज पूर्ण झाला आहे किंवा त्याची वेळ संपली आहे.