पाकिटावरून गळलेले शब्द

आमच्या पहिल्या पाकिटाचा एक नमुना मी अजून कपाटात ठेवला आहे. गुलाबी रंग, कोपऱ्यात कमळ (कमळ का, ते आता मलाही सांगता येणार नाही, आमच्या मिश्रणात कमळ कधीच नव्हतं) आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत 'हार्मोन बॅलन्स टी'. खाली बारीक अक्षरांत चार ओळी: पाळी नियमित करते, पीसीओडीवर गुणकारी, चेहऱ्यावरचे केस कमी करते, कोणतेही दुष्परिणाम नाहीत. आज आमचा जो माल दुकानात जातो, त्याच्यावर यातला एकही शब्द उरलेला नाही. धंदा मात्र तेव्हापेक्षा बरा चालला आहे.

सुरुवात खाणींपासून झाली. आमचं गाव गोव्यातल्या साखळी शहराच्या पलीकडे, खाणपट्ट्यातलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणींचे परवाने रद्द केले, मार्चच्या मध्यावर काम थांबलं आणि खनिज वाहणारा आमचा टिपर (ट्रक) दारात उभा राहिला. त्याचे हप्ते मात्र थांबले नाहीत. मी तेव्हा गावातल्या स्वयंसाहाय्य गटाचा हिशेब लिहीत असे. गट लोणची-पापड करायचा, आणि लोणची-पापड करणारे गट आमच्या तालुक्यात काही कमी नाहीत.

माझ्या धाकट्या जावेला तेव्हा पीसीओडी, म्हणजे अंडाशयाच्या कामातला हार्मोनचा बिघाड, निघालं होतं. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने नाही, हनुवटीवर केस, वजन वाढलेलं. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर सांगितलं, चाला आणि साखर कमी करा. सासूबाईंनी त्यावर आपला कसाय सुरू केला. गोव्यात काढ्याला कसाय म्हणतात. धणे, जिरे, सुंठ आणि दुदशिरीचं मूळ. दुदशिरी म्हणजे घाटावरची उपळसरी, अनंतमूळ. मूळ ताजं मोडलं की व्हॅनिलासारखा वास येतो. मी त्यात परसातला पुदिना आणि बडीशेप घातली, तेव्हा कुठे जावेच्या घशाखाली तो उतरायला लागला. गटाच्या स्टॉलवर गंमत म्हणून वीस पुड्या ठेवल्या. दुपारी जेवायच्या आत संपल्या. बायका पुडी उचलायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि हळूच विचारायच्या, "पाळीचं काय असलं तर चालतं ना हे?" मी म्हणायची, चालतं.

त्या 'चालतं'मध्ये पुढचे सगळे घोळ आहेत.

म्हापशातल्या ज्या मुलाने पाकिटाचं डिझाइन केलं, तो म्हणाला, "वहिनी, फायदे सांगा, खाली जागा उरलीय." मी ऑनलाइन विकणाऱ्या बड्या नावांची पाकिटं पाहिली आणि त्यांनी लिहिलं होतं तेच लिहून दिलं. खरं-खोटं तपासावं हे डोक्यातही आलं नाही. सगळेच लिहितात, असं वाटलं.

पहिला फटका शब्दांचा नव्हता, हवेचा होता. जुलै २०१९. आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको, कपाटातल्या चपलांवरही बुरशी चढते. आम्ही पुदिना माडीवर, सावलीत, सुती कापडावर सुकवायचो. हाताला कोरडा लागला की भरायचा. मडगावच्या एका दुकानातून फोन आला, पाकीट उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास येतो. मी घरातलं एक फोडलं. बडीशेपेचे दाणे एकमेकांना चिकटून गोळा झालेले, पानांवर पांढुरकी झाक. १८० पाकिटं परत आणली आणि शेणखताच्या खड्ड्यात टाकली. तेव्हा कळलं, पान कोरडं झालं म्हणजे देठ कोरडा झाला असं नाही. आता ड्रायर आहे, ४५ अंशांच्या वर जाऊ देत नाही, नाहीतर पुदिन्याचं तेल उडतं आणि हातात गवत राहतं. तरी शेवटची परीक्षा सासूबाईंचीच: देठ कानाजवळ धरून मोडायचा, 'कट्' वाजलं पाहिजे. नुसता वाकला तर परत आत. दहा किलो ओल्या पुदिन्याचा जेमतेम दीड किलो सुका हातात येतो, हे गणितही त्या वर्षी कळलं. आधीची किंमत आम्ही चक्क अंदाजाने लावली होती.

२०२० मध्ये सगळ्या देशालाच काढा हवा होता. त्याबद्दल फार लिहीत नाही. माल खपला, टिपरचे हप्ते फिटले, आणि 'इम्युनिटी' हा शब्द छापायचा मोह आम्हालाही झालाच. एक खेप छापली.

त्याच वर्षी मी अशोकाची साल घालायला सुरुवात केली. बायकांच्या तक्रारींवर अशोक, हे तर आजीपासून ऐकलेलं. बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून वीस किलो साल मागवली. फोंड्याला माझ्या ओळखीच्या एक वैद्य आहेत, त्यांच्याकडे अभिमानाने मूठभर घेऊन गेले. त्यांनी एक तुकडा नखाने खरवडला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हॉटेलांच्या कुंपणाला उंच, सरळ झाडं लावतात ना, त्याची आहे ही." म्हणजे खोटा अशोक. खऱ्या अशोकाला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात आणि ते झाड असं शिडीसारखं वाढत नाही. खोट्याची साल खऱ्याच्या नावाने खपवणं हा या धंद्यातला जुना रोग आहे, कारण खरा अशोक रानात कमी होत चालला आहे आणि साल सोललेलं झाड बहुतेकदा जगत नाही. त्यांनी पुढे आणखी एक विचारलं: "खरी मिळाली असती तरी औषध म्हणून घालायची आणि विकायची अन्न म्हणून? आयुषचा, आयुर्वेदिक औषधांचा परवाना आहे तुझ्याकडे?" नव्हता. साल गेली, तिचे पैसेही गेले. त्या दिवसापासून ठरलं, आमच्या मिश्रणात तेच जाईल जे आमच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे.

दुदशिरीसाठी तर मी फार सांभाळून असते. आम्हाला मुळं देणारी बाई सत्तरी तालुक्यातली. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी ती म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या चौकटीचं, सामान घेऊन बसते, कवंडाळं, आंबाडे, सुपारीचे घड, सगळं. मी पहिल्यांदा पाच किलो मुळं मागितली तेव्हा ती हसली. "सगळें काडूंक ना गे बाय. थोडें दवरूंक जाय, फुडल्या वर्सा खातीर." सगळं काढायचं नाही, थोडं पुढच्या वर्षासाठी ठेवायचं. अभयारण्याच्या हद्दीतून काही उचलायचं नाही, हेही तिनेच मला बजावलं, कुठल्या सरकारी कागदाने नाही. आता आमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला आम्ही दोनशे वेल लावले आहेत. ते वाढेपर्यंत ती देईल तेवढंच, आणि पावसाळ्यात मिश्रणात दुदशिरी नसते. तसं पाकिटावर लिहितो.

आता तिच्याबद्दल, जिच्यामुळे पाकीट खरंच बदललं. २०२१ च्या शेवटी पेडण्याहून एक बाई दोन बस बदलून आमच्या घरी आली. वय चाळिशीच्या पुढे. ओसरीवर बसली आणि म्हणाली, दुकानात माल संपलाय म्हणून थेट आले, सहा पाकिटं द्या. मी चहा टाकायला आत गेले, बाहेर आले तर तिने डोकं खांबाला टेकवलेलं. नखं कागदासारखी पांढरी. विचारलं तर सांगू लागली, पाळी आली की पंधरा-पंधरा दिवस जात नाही, पण तुमचं पाकीट सुरू आहे पाच महिने, त्यावर लिहिलंय ना नियमित होते, वेळ लागतो थोडा. ती तक्रार करत नव्हती. ती आम्हाला धन्यवाद द्यायला आली होती.

त्या दिवशी तिला पाकीट दिलं नाही, नवऱ्याने गाडीतून दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन सहाच्या खाली होतं. गर्भाशयात गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, बरी आहे, अजून फोन करते. पण पाच महिने ती माझ्या एका छापील ओळीवर विसंबून राहिली होती. वर हेही मला नंतर कळलं की पुदिना असो की साधा चहा, जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागणं कमी होतं. म्हणजे मी तिला नुसतं थांबवून ठेवलं नव्हतं.

फोंड्याच्या वैद्यांनी मग १९५४ च्या कायद्याची प्रत समोर ठेवली, औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींविषयीचा. त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे: स्त्रियांच्या पाळीतले दोष दूर करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. मी चार वर्षं तोच दावा गुलाबी रंगात छापत होते.

उरलेली पाकिटं फाडली. मग मी पहिल्यांदाच बसून वाचलं की आपण विकतो त्याबद्दल खरोखर काय माहीत आहे. पुदिन्यावर दोन छोटे अभ्यास सापडले. २००७ चा तुर्कस्तानातला, २१ बायका, पाच दिवस. २०१० चा, ४२ बायका, तीस दिवस, रोज दोन वेळा पुदिन्याचा चहा. दुसऱ्यात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरलं. बायकांना स्वतःला बरं वाटलं, पण डॉक्टरांनी केस मोजले तेव्हा फरक म्हणावा असा दिसला नाही. केसांचं चक्र महिन्याभरात बदलत नाही, तेव्हा तो दिसेल तरी कसा? म्हणजे आशा आहे, पण पाकिटावर छापावी एवढी नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ते पुदिन्याबद्दल नाहीच. माझी जाऊ दिवसाला चार कप दुधाचा चहा घ्यायची, प्रत्येकात दोन चमचे साखर. दिवसाची ४० ग्रॅम साखर नुसत्या कपात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ च्या आत ठेवलेली बरी. पीसीओडीत पुष्कळ जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग इन्सुलिन वाढतं आणि वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. अशा वेळी वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी कित्येकींची पाळी मार्गावर येते. जावेने चारातले तीन कप सोडून कसाय धरला, साखळीच्या रस्त्याला रोज चालली, गोळ्याही घेतल्या. वर्षभराने पाळी सुधारली. यातलं श्रेय कसायाला किती, ते कोण सांगणार? सासूबाई सांगतात, पूर्ण. तो त्यांचा हक्क आहे.

'दुष्परिणाम नाहीत' ही ओळ शेवटपर्यंत टिकली होती, ती २०२२ मध्ये गेली. गोडी यावी म्हणून आम्ही ज्येष्ठमध घालायचो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या एका शिक्षिका बाईंचा दाब अचानक चढला, डॉक्टरांनी विचारलं काय काय पिता, त्यांनी आमचं पाकीट दाखवलं. कारण तेच होतं असं कोणी सिद्ध केलं नाही. पण ज्येष्ठमध रोज बराच काळ घेतला तर दाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, हे पुस्तकातलं ज्ञान आहे, माझ्या सोयीने बदलणारं नाही. ज्येष्ठमध काढला. पहिले दोन महिने विक्री घसरली, लोकांना गोडी हवी होती. आता दोन सूचना छापतो: जेवण आणि थायरॉइडची गोळी यांपासून तासभर लांब प्या, गरोदर असाल, रक्तस्राव जास्त असेल किंवा पाळी तीन महिने आली नसेल तर आधी डॉक्टर. एका दुकानदाराने ही दुसरी ओळ पाहून पाकीट परत केलं. म्हणाला, असं लिहिलंत तर घेणार कोण? पेडण्याच्या बाईंचं त्याला सांगितलं. त्याने तरीही घेतलं नाही.

बाकी सांगण्यासारखं थोडंच. आम्ही पाच जणी काम करतो. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी पुरायची, ती रेषा २०२३ मध्ये ओलांडली आणि राज्य परवाना काढला. पिशव्या नाहीत, सुटं मिश्रणच विकतो. त्या चकचकीत नायलॉनच्या त्रिकोणी पिशव्या उकळत्या पाण्यात काय काय सोडतात ते वाचल्यापासून तो विचारच सोडला. रजोनिवृत्तीच्या गरम झळांवर काही करा, असं महिन्याला चार-पाच जणी तरी सांगतात. करत नाही. माझ्याकडे त्यावर द्यायला काही नाही, आणि नाही म्हणायला मी फार उशिरा शिकले आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) स्पष्ट केलं की चहाच्या झाडापासून, म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिसपासून बनतो त्यालाच 'चहा' किंवा 'टी' म्हणायचं. आमच्याकडे तीन हजार पाकिटं 'हर्बल टी' छापून पडलेली. सासूबाई म्हणाल्या, "मी आधीपासून कसायच म्हणत होते." म्हणून त्यावर 'कसाय मिश्रण' अशा चिकटपट्ट्या छापल्या. पुण्याच्या दुकानदाराचा लगेच फोन, "ताई, इकडे लोक 'कसाई' वाचतील हो!" तेव्हा घाटावर जाणाऱ्या मालासाठी 'काढा मिश्रण' अशी वेगळी पट्टी केली. सध्या दुपारभर सासूबाई आणि जाऊ ओसरीवर बसून त्या चिकटवतात. परवा पुण्याच्या खोक्यात कसायाची तीन पाकिटं गेलीच. अजून तरी कोणाची तक्रार नाही.