एस्केप दाबूनही

आज दुपारपासून चिडचिड होतेय आणि कारण सांगायला लाज वाटावी इतकं फालतू आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर, म्हणजे नवा विंडोजवाला, जेवण झाल्यावर निओविममध्ये, म्हणजे माउसशिवाय नुसत्या बटणांवर चालणाऱ्या माझ्या एडिटरमध्ये, रोजनिशी उघडली, चार ओळी मराठीत लिहिल्या, लिहिणं थांबवायला एस्केप दाबलं, एक ओळ खाली जायला 'जे' दाबलं आणि कर्सर ढिम्म. परत दाबलं, परत तेच. मग ट्यूब पेटली की कीबोर्ड अजून मराठीवरच आहे, मी 'जे' दाबतेय आणि निओविमला मिळतोय र. कर्सर हलवायची बटणं एच जे के एल, आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर त्यांच्या जागी प र क त. तो बिचारा काय करणार त्या अक्षरांचं. मागून टीममधला तो पोरगा म्हणाला, "मॅडम, माउस आहे की बाजूला."

त्याचं काही चुकलं नाही. पण मला लागलं. एवढं का लागावं?

कारण घरी हे होत नाही. घरी लिनक्सवर एफसीटिक्सला, म्हणजे कीबोर्डची भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामला, सांगून ठेवलंय, इन्सर्ट म्हणजे लिहायचा मोड सोडला की गुपचूप इंग्रजीवर जायचं, परत इन्सर्टमध्ये आले की मराठी. मॅकवर तेच काम एक बारीकसं टूल करतं. इथे ऑफिसात बाहेरचं काही टाकायची परवानगी नाही, विचारायलाही तिकीट काढावं लागतं आणि तिकिटात कारण काय लिहू, मॅडमला जेवणाच्या सुट्टीत डायरी लिहायचीय?

माझा समज होता की एडिटरची सेटिंगं एका गिट रेपोत, म्हणजे सगळ्या मशीनवर ओढून घेता येणाऱ्या फोल्डरात, टाकली की झालं. लिनक्स आणि मॅकवर होम फोल्डरात कॉन्फिग, त्यात एनविम, विंडोजवर तेच अ‍ॅपडेटाच्या आत लोकलमध्ये, फक्त जागा वेगळी, फाइल तीच. गिटने ओळींची टोकं बदलून ठेवली होती ती कटकट गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एक ओळ टाकून मिटवली. कुठे काय वेगळं करायचं ते 'हॅज विन थर्टीटू', म्हणजे हे विंडोज आहे का, असं विचारून ठरवता येतं. सगळं नीट चाललं, एरर एकही नाही, आणि तरी बसले तर परक्याच्या घरी चहा करायला उभं राहिल्यासारखं, साखर कुठे ठेवतात हेच माहीत नाही. कारण ज्याला मी माझा एडिटर म्हणते त्यातलं निम्मं त्या फायलीत नाहीच. कॅप्स लॉकचं एस्केप केलंय ते सिस्टिममध्ये. यँक, म्हणजे कॉपी, केलेलं बाहेर पेस्ट व्हावं म्हणून लिनक्सवर एक्सक्लिपसारखं वेगळं टूल लागतं, मॅकवर पीबीकॉपी आधीपासून असतंच. फाँट टर्मिनलचा. जोडाक्षरंसुद्धा टर्मिनलच्या मर्जीवर, एकाच ओळीतला क्ष एकीकडे नीट दिसतो आणि दुसरीकडे फुटून क् आणि ष वेगळे उभे, वेलांटी तर कुठेही जाऊन बसते. मीच लिहिलेलं मला कुणीतरी चुकीचं टाइप करून पाठवल्यासारखं दिसतं.

जुन्या टीममध्ये सगळे टर्मिनलवालेच होते, तिथे असं... असो. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली वहीत लिही ना. वहीत लिहिणं मी का सोडलं ते तिला माहीत आहे, तरी म्हणाली.

रात्री जरा शांत डोक्याने विचार केला तर हसूच आलं. मी ज्या एच जे के एलसाठी एवढी रडतेय ते तरी माझे कुठे आहेत? बिल जॉयने १९७६ मध्ये बर्कलीत व्हीआय, म्हणजे निओविमचा आजोबा, लिहिला आणि तो ज्या एडीएम-थ्री-ए टर्मिनलवर बसायचा त्याच्या त्या चार बटणांवरच बाण छापलेले होते, एस्केप तर आज टॅब असतो त्या जागी होतं, करंगळीखाली. म्हणजे मी जन्मात न पाहिलेल्या एका मशीनची सवय तीन मशीनवर जपत बसलेय. आणि ब्राम मूलेनारने अमिगा कॉम्प्युटर घेतला तर त्यावर त्याला हवा तसा व्हीआय मिळेना म्हणून तो व्हीआयच्या एका नकलेवर काम करत बसला आणि १९९१ ला विम, ज्यातून पुढे निओविम निघाला, लोकांच्या हातात आला. माणूस २०२३ मध्ये गेला. नव्या मशीनवर हात अडखळले म्हणून त्याने एडिटर घडवला, मी फक्त तोंड पाडून बसले. त्यातल्या त्यात माझं बरं, कमी काम.

मग एडिटरमधलाच लँगमॅप आठवला, एका अक्षराला दुसरं समजायला लावणारा. त्याला बाहेरचं काहीच लागत नाही, सेटिंगमध्ये सांगायचं की नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे लिहीत नसताना, र आला तर 'जे' समज, क आला तर 'के'. प र क त टाकले, लिहायला सुरुवात करणाऱ्या आय साठी ग टाकला, अन्डूच्या यूसाठी ह. तिन्हीकडे तीच ओळ, कुणाची परवानगी नको. बाकीच्या व्यंजनांचं बघू सवडीने. ए, एस, डीचं मात्र काही केलं नाही, तिथे काना-मात्रांचा कारभार आहे, ओळ उडवणाऱ्या डीवर तर थेट हलन्त, आणि नुसत्या हलन्तावर भरवसा ठेवून ओळी उडवायची माझी तरी छाती नाही. त्यामुळे ओळ उडवायची तर आधी कीबोर्ड बदलायचा, जो बदलायला मी हमखास विसरते, म्हणून ऑफिसात लिहिलेलं सध्या खोडत नाही. आजचं त्या पोराबद्दलचं पण तसंच राहिलंय.