मूस

दादांना फोनवर सांगितलं, ऑगस्टअखेरपासून मी मूसच्या शिकारीच्या कॅम्पवर स्वयंपाकी म्हणून चाललोय. पलीकडून थोडा वेळ नुसता भात्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “मूस? आरं, मूस तर आपल्या भट्टीत हाय की. त्यासाठी एवढ्या लांब कशाला?”

आमचं घर हुपरीचं. चांदीच्या आटणीचं भांडं म्हणजे मूस, हे आमच्याकडं पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. त्यामुळं दोन मीटर उंच खांद्याचं, सहाशे-सातशे किलोचं, नाक लोंबणारं हरणाच्या जातीचं जनावर, त्याचं नावही मूस, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मी राहतो व्हाइटहॉर्सला, कॅनडाच्या युकॉनमध्ये. महाराष्ट्राच्या दीडपट मुलूख आणि माणसं पंचेचाळीस हजारांच्या आसपास. सरकारी अंदाजानं मूस सत्तर हजार आणि ग्रिझली अस्वलं सहा ते सात हजार. म्हणजे जनगणनेत बहुमत कुणाचं ते उघड आहे. एरवी मी इथल्या एका हॉटेलात तवा सांभाळतो. कॅम्पवर पगार बरा होता आणि खर्च शून्य, कारण खर्च करायला तिथं दुकानच नाही.

शिकारीला येणारे बहुतेक अमेरिकन. परदेशी माणसाला इथं एकट्यानं बंदूक घेऊन रानात शिरता येत नाही, नोंदणी असलेल्या आउटफिटरकडूनच, म्हणजे शिकारीची सगळी सोय करणाऱ्या धंदेवाल्याकडूनच जावं लागतं, आणि प्रत्येक आउटफिटरचा इलाका सरकारनं आखून दिलेला. एका मूसच्या शिकारीला वीस हजार अमेरिकन डॉलरच्या पुढंच खर्च येतो. मारायचा तो फक्त नर. मोसम 1 ऑगस्ट ते 31 ऑक्टोबर, पण सगळ्यांचा डोळा सप्टेंबरच्या शेवटावर, कारण तेव्हा नर माजावर येतो, खाणंपिणं सोडतो आणि अक्कलही.

व्हाइटहॉर्सहून साधारण चारशे किलोमीटरवर रॉस रिव्हर. तिथून तळ्यावर उतरणारं बीव्हर विमान. तो वैमानिक माणसाकडं बघतच नाही, वजनाकडं बघतो. माझ्या पिशवीतला दीड किलो कांदा-लसूण मसाला त्यानं दोनदा उचलून पाहिला. पीठ आहे असं सांगितलं. (खोटं बोललो. पण तो डबा मागं राहिला असता तर मीही राहिलो असतो.)

कॅम्प म्हणजे तळ्याकाठी चार तंबू, एक लाकडी खोली आणि सगळ्याभोवती विजेची तार. तार अस्वलासाठी. पहिल्याच आठवड्यात मी बेकनच्या चरबीचा डबा तारेच्या बाहेर विसरलो. सकाळी डबा चपटा झालेला सापडला आणि चिखलात माझ्या दोन्ही तळव्यांएवढा एक ठसा. मालकानं शिवी दिली नाही, नुसता तो ठसा माझ्याकडून मोजून घेतला. ती शिक्षा जास्त लागली.

गाईड साठीतला, इथल्या मूळ रहिवाशांपैकी कास्का समाजाचा, रॉस रिव्हरचाच. सगळे त्याला अंकल म्हणत, मी मनात काका म्हणायचो. बर्चच्या सालीचा कर्णा करून तो मादीचा आवाज काढायचा, लांबलचक, नाकातून, रडवेला. मग मूसच्या खांद्याचं वाळलेलं हाड घेऊन विलोच्या झुडपांवर खरडायचा. दुसरा नर शिंगं घासतोय असं ऐकणाऱ्याला वाटावं म्हणून. एवढं करून बसायचं. तास, दोन तास, दिवस. त्या मोसमातलं आमचं टेक्सासचं गिऱ्हाईक, सत्तरीचा निवृत्त माणूस, आठ दिवस टेकडीवर बसून दुर्बिणीतून तोच उतार बघत होता. रोज संध्याकाळी परत येऊन म्हणायचा, आज एक साळिंदर दिसलं.

नवव्या दिवशी मला सूप घेऊन वर पाठवलं होतं, म्हणून मी तिथं होतो. खालच्या झाडीतून ‘ऑक्, ऑक्’ असा घशातला आवाज आला, जणू कुणी ओल्या लाकडावर कुऱ्हाड घालतंय. नर बाहेर आला तेव्हा शिंगं आधी दिसली, मग बाकीचा. गोळीचं मी काही लिहीत नाही. एका क्षणाचं काम, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

त्यानंतरचे दोन दिवस मात्र कुणी फारसे लिहीत नाही. कायद्यानं खाण्याजोगं सगळं मांस न्यावं लागतं, टाकून दिलं तर गुन्हा. मटणाच्या दुकानात फरा, चाप, नळी ऐकत मी मोठा झालो, पण इथला मागचा एक फरा पन्नास किलोच्या पुढं. सिमेंटचं पोतं पाठीवर घ्या आणि पाण्यात डोलणाऱ्या गवताच्या गड्ड्यांवरून दीड किलोमीटर चाला. पाय गड्ड्यावर ठेवला तर मुरगळतो, मधे ठेवला तर गुडघ्यापर्यंत जातो. मी सहा फेऱ्या केल्या. काकांनी माझ्याहून जास्त केल्या आणि प्रत्येक फेरीला, आतडी पडली होती तिकडं जाण्याआधी लांबूनच ओरडून आपण येतोय असं कळवलं. अस्वल आधी पोचलेलं असू शकतं.

मांस कापडी पिशव्यांत घालून आडव्या वाशाला सावलीत टांगलं, की बाहेरून वाळून पापुद्रा धरतं आणि माशा बसत नाहीत. त्या रात्री बरगड्यांचा तांबडा रस्सा केला. मूसच्या मांसात चरबी जवळजवळ नाहीच, म्हणून बेकनच्या तेलातच मसाला परतला. टेक्सासवाले आजोबा नाक पुसत तीन वाट्या प्याले. यकृत मात्र मी बेतानंच वाढलं. इथल्या मूसच्या यकृतात आणि मूत्रपिंडात कॅडमियम हा विषारी धातू साठतो, आरोग्य खातंच सांगतं जपून खा म्हणून.

ग्रिझलीचं लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियानं डिसेंबर 2017 मध्ये ग्रिझलीची शिकार बंद केली, युकॉनमध्ये ती अजून चालते. दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं अकराव्या दिवशी म्हातारा नर मारला. कातडं पसरून नाकापासून शेपटीपर्यंत आणि पंज्यापासून पंज्यापर्यंत मोजलं, दोन्हीची सरासरी काढली, फोटो झाले. नंतर सरकारी माणूस कवटी तपासतो आणि वय कळावं म्हणून एक छोटा दात काढून घेतो. झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं दातात असतात. मांसाचं मात्र कुणी नावही काढलं नाही. त्यात ट्रायकिनेलाचे जंत असू शकतात, आणि उत्तरेकडची जात गोठवूनही मरत नाही, नीट शिजवावंच लागतं. मी शिजवायला तयार होतो. कुणी मागितलं नाही. सोललेला पुढचा पंजा माणसाच्या हातासारखा दिसतो, हे ऐकून माहीत होतं. तरी मी त्या संध्याकाळी भाकरी थापली नाही, पाव दिला.

काकांनी त्या अस्वलाची चेष्टा कुणालाही करू दिली नाही. रात्री तर ते त्याचं नावही घेत नसत. आपल्याकडं अंधार पडल्यावर सापाला लांबडं म्हणतात, तसं काहीतरी आडून बोलायचे. मूसच्या फाडलेल्या तुकड्यांवर मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही, ते पोटात गेलं. त्या कातड्यावर झालं. दोन्हींत फरक का करावा याचं मुद्देसूद उत्तर माझ्याकडं नाही, आणि मालकाकडून पगार घेतलाय, तेव्हा फार बोलायचा अधिकारही नाही.

मोसम संपल्यावर रॉस रिव्हरच्या धक्क्यावर काकांची मोठी बहीण उभी होती. मांसातला बराच वाटा गावात वाटायचा होता, पण तिनं पिशव्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. आधी मुंडकं उघडून बघितलं. आजोबांना भिंतीला फक्त शिंगं हवी होती, चेहरा नको होता, म्हणून नाक शाबूत राहिलं होतं. तेच तिला हवं होतं. जाळावर धरून केस जाळायचे, खरवडायचे, मग तासन्‌तास उकळायचं. जिभेची तिनं वेगळी चौकशी केली.

घरी फोन करून आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग आपण मुंडी भाजतो तसंच की. त्यात काय नवीन?” मागून दादांचा आवाज आला, “आणि शिंगं कुठं गेली?”

म्हटलं, टेक्सासला.