मीटरचा लाल दिवा

गोठ्याला अँटीमायक्रोबियल, म्हणजे जंतू मारणारं, कोटिंग मारतो म्हटलं की मित्र विचारतात, म्हशीला सॅनिटायझर लावतोस काय रे. हसू देत. यात निम्मा जीव खरवडण्यात जातो हे कुणाला सांगून पटत नाही. शेणाचा थर राहिला की ब्लीचिंग मारा नाहीतर महागातलं क्वाट (जंतू मारायचं एक रसायन), सगळं शेणातच खर्ची पडतं, जंतूपर्यंत पोचतच नाही. आणि वॉशिंग पावडरनं धुऊन नीट खळबळलं नाही तर साबण क्वाटला मारतो. आमच्या सेल्सवाल्यांना हे अजून माहीत नाही, डब्यावर हिरवं पान छापलं की झालं त्यांचं इको-फ्रेंडली.

तर २०२१ च्या पुरानंतरची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतला गोठा, भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पुराची गढूळ रेघ, खाली प्लास्टिक पेंट फुगून पापुद्रे आलेले आणि त्याखाली काळी बुरशी. दोन दिवस खरवडलं, सोड्यानं धुतलं, फॅन लावून वाळवलं. मग ओल मोजायच्या मीटरच्या दोन पिना भिंतीत टोचल्या. लाल दिवा. दुसरीकडं टोचल्या, तिथंबी लाल. भिंत वरनं कोरडी पण आतनं चिंब.

आणि मी मीटर बॅगेत टाकला. महिनाअखेर होती, गोठ्याच्या मालकांना, दादांना, म्हशी आत घ्यायची घाई, आणि कंपनीच्या ट्रेनरनं सांगितलेलं की कोटिंग मारलं की नव्वद दिवस काही बघायला नको. त्यांच्या घरची आजी उंबऱ्यात बसून म्हणाली, "आत पाणी हाय की रं पोरा, वरनं काय फासतोस?" मी हसून, आजी हे नवीन टेक्निक आहे वगैरे सांगितलं.

विसाव्या दिवशी दादांचा फोन. जाऊन बघतो तर कोटिंगखालनं काळे ठिपके, जणू मोहरी सांडलीय. मात्र कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागं हातभर पट्टा होता, तिथं कधी पेंट गेलाच नव्हता, जुना चुनाच, आणि मीबी आळसानं सोडलेला. तिथं एक ठिपका नाही! मीटर लावला तर तिथंही लालच.

कारण साधं आहे, चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. माझं कोटिंग जंतूला वरच्यावर मारतं, पण आतली ओल कोटिंगलाच मागनं ढकलते. ताजा चुना तर इतका जहाल अल्कली की पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) बाराच्या वर जातो, बुरशी टिकायची कुठं. पुढं हवा खाऊन त्याचा खडू होतो आणि जोर जातो, म्हणून दरवर्षी मारायचा. आजीला हे पीएचशिवाय माहीत होतं.

कंपनीनं पैसे परत द्यायला नकार दिला, उलट "ग्राहकाने देखभाल केली नाही" असा शेरा मारून फाईल बंद. मी खिशातनं चार हजार दिले, दादांनी घेतले, आजीनं चहा दिला. पुढच्या खेपेला गेलो तर भिंत पांढरीशुभ्र. पीएच पट्टी ओली करून टेकवली, गर्द निळी झाली, म्हणजे जहाल अल्कली. आजीनं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली न् विचारलं, "हे कितीला पडलं?"