रतनगडावर सोनकी आणि मधमाश्या टिपताना

सप्टेंबर सरता सरता अकोले तालुक्यातल्या रतनगडाचा माथा सोनकीच्या रानफुलांनी पिवळाधमक होतो. कासचं बुकिंग आणि झुंबड नको असेल तर इकडे या, फक्त तंगडतोडीची तयारी ठेवा.

रतनवाडीत मुक्काम करून पहाटे अमृतेश्वराच्या देवळापासून निघालो. वाट प्रवरेचं पात्र ओलांडत दाट झाडीतून चढते. पाणी जास्त असेल तर गावातला वाटाड्या घ्याच. पुढे कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या लागतात. तिथे कॅमेरा सॅकमध्ये आणि दोन्ही हात मोकळे हवेत.

माथ्यावर ढग उतरला होता. फुलं टवटवीत, पण माशी एक नाही. गारठ्यात त्या बाहेर पडतच नाहीत. तोवर दवाने भिजलेली फुलं टिपून घ्यावीत. ढगाळ उजेडात सोनकीचा पिवळा छान येतो. उन्हात मात्र तो फटफटीत होतो आणि पाकळ्यांच्या रेषा पुसल्या जातात, म्हणून एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप खाली आणायचं.

ऊन आलं आणि थोड्याच वेळात सातेरी जातीच्या मधमाश्या कामाला लागल्या. सोनकीचं एक फूल म्हणजे खरं तर इवल्या इवल्या फुलांचा गुच्छ. माशी मधल्या चकतीवर उतरते आणि एकेका फुलात सोंड घालत गोल फिरते. तेवढा वेळ आपल्याला मिळतो. तिच्यामागे पळण्यात अर्थ नाही. पार्श्वभूमी मोकळी असलेलं फूल निवडायचं, फोकस लावायचा आणि वाट बघायची. शटर 1/1000 च्या आसपास, अ‍ॅपर्चर एफ/8. आखूड मिशा, मोठाले डोळे आणि हवेत जागच्या जागी तरंगणं दिसलं तर ती मधमाशी नव्हे, हॉवरफ्लाय. तिचे फोटो सोपे, बिचारी पोज देते.

खरा वैरी वारा. नेढ्यापाशी, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापाशी, तर फुलं क्षणभर थांबत नाहीत. तिथे माणसांचेच फोटो काढा. मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून फोटो घ्यायला, तटबंदीचा आडोसा बरा. ट्रायपॉड मी नेला नाही, वाऱ्यात डुलणाऱ्या फुलापुढे त्याचा उपयोग शून्य.

हा गड अभयारण्यात येतो. फुलं तोडू नका आणि रीलसाठी ताटव्यात लोळू तर मुळीच नका. पायवाटेच्या कडेलाच भरपूर सोनकी असते. रविवारी शिड्यांवर रांग लागते, तेव्हा शक्यतो आडवार गाठा. पिठलं-भाकरी हवी असेल तर चढायच्या आधीच गावात सांगून ठेवा.